कवठी नाला, तिसऱ्या खांबावरून

धुळे, २ फेब्रुवारी २०२५

ती. ललितावहिनींस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. आमच्या गल्लीत पोस्टाने आता फक्त नोटिसाच येतात, त्यामुळे समोरच्यांनी दोन दिवस माझी काळजी केली.

तुम्ही लिहिता ते पटलं. नाना चटईच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तुमचा फोन दिवसभर त्याच्याच हातात असतो, आणि धुळ्याचं नाव दिसलं की तो फोन पालथा ठेवतो. तेव्हा फोटो तुमच्या शिवणक्लासच्या पत्त्यावर पोस्टानेच पाठवत जाईन. पंचावन्नाव्या वर्षी वहिनीशी चोरून पत्रव्यवहार करणारा संस्कृतचा मास्तर मी पहिलाच असेन. रोहिणीला सांगितलं, तर तुमची जाऊ म्हणाली, निदान अक्षर तरी बरं काढा.

सोबत सहा फोटो आहेत. सगळे एकाच जागेवरून काढलेले: पुलाच्या कठड्याचा तिसरा खांब, त्यावर पांढऱ्या रंगाची फुली, फुलीवर कोपर, महिन्याची एक तारीख, सकाळी साडेसात. नाला समितीचा तसा नियम आहे. उभं राहण्याची जागा बदलली नाही तरच नाला बदललेला दिसतो. पहिल्या फोटोत फेस आहे, पिशव्या आहेत आणि मधोमध एक सोफा आहे. सोफा कोणाचा हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, पण त्यावर बसल्याचं कोणालाच आठवत नाही. सहावा फोटो कालचा. सांडपाण्याची वाहिनी जमिनीखालून गेल्याला दीड वर्ष झालं. पाणी घोट्याएवढंच आहे, पण तळ दिसतो. काठाला लव्हाळी आली आहे. उजवीकडे एक वंचक बगळा उभा आहे, माझ्या वर्गातल्या मागच्या बाकासारखा: करत काही नाही, पण हजर.

श्रावणात कानबाईच्या सणाला नानाला इकडे आणायचा तुमचा बेत उत्तम आहे. आईच्या वेळी आला तो तेराव्याला परत निघाला, त्यापलीकडे सतरा वर्षांत त्याने या गावात पाऊल टाकलेलं नाही. नाला निवळलेला पाहून त्याचा राग निवळेल, असं तुम्ही म्हणता. बघू. नाल्याला सांडपाण्याची वाहिनी लागली. नानाला काय लागेल ते माहीत नाही.

आपला,
प्रेमराज


जळगाव, २१ फेब्रुवारी

प्रेमराजभाऊंस अनेक आशीर्वाद.

फोटो पोचले. कटिंगच्या कागदांखाली ठेवलेत. क्लासच्या मुलींनी विचारलं, मॅडम, हे कुठलं गाव? म्हटलं, माझं सासर. त्यांचा विश्वास बसला नाही. माझाही बसत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई त्याला नदी म्हणायच्या. मला वाटायचं, सुनेचं मन राखायला म्हणतात.

पण एक विचारते. सहाही फोटो उंबरापाशी का संपतात? उंबराच्या डावीकडे आपलं सूत रंगवायचं शेड होतं आणि त्याच्याखाली तो सिमेंटचा पाइप. एवढ्या रुंद पुलावरून तुम्हाला नेमकं तेवढंच दिसत नाही?

शेड बंद झालं त्या दिवशी तुमच्या नानांनी शेवटच्या ओल्या लड्या स्वतः पिळल्या आणि तारेवर घातल्या. वाळायला कोणी थांबलं नाही. एक निनावी तक्रार गेली आणि आठ दिवसांत दाराला सील लागलं. मामंजींनी उभं केलेलं काम होतं ते. सहा माणसं घरी बसली, आणि मालक होते ते दुसऱ्याच्या कारखान्यात फिटर झाले.

खाली नाव नव्हतं, तरी गल्लीला कळायचं ते कळलं होतं. नथ्थू परीट. धुतलेल्या कपड्यांवर रंग चढतो म्हणून तीनदा भांडून गेला होता. सतरा वर्षं मी त्याला शिव्या दिल्यात, त्यात खाडा नाही. त्याची बायको सुगंधाबाई गेली तेव्हा मी लग्नाला धुळ्यात आले होते. तिच्या दारावरून गेले, आत नाही गेले.

यांच्या तोंडून मात्र त्या तक्रारीबद्दल एक शब्द कधी आला नाही. माणूस आतून जळतो तो असा.

ललितावहिनी


धुळे, १६ मार्च

ती. वहिनींस सा. न.

उंबराच्या डावीकडे सकाळचं ऊन थेट भिंगावर येतं. फोटोग्राफीत याला कारण म्हणतात.

तुम्ही मात्र खऱ्या नैयायिक निघालात. न्यायशास्त्रात अभाव हाही एक पदार्थ मानलेला आहे. जमिनीवर घडा नाही, हे ‘नसणं’सुद्धा डोळ्यांना दिसतं, असं ते म्हणतात. तीस वर्षं मी हे मुलांना शिकवतो आणि मुलं माझ्याकडे दयेने बघतात. तुम्ही जळगावात बसून, सहा फोटोंत नसलेला पाइप पाहिलात.

आता एक गोष्ट सांगतो, रागावू नका. गेली दोन वर्षं दर एक तारखेला नथ्थू माझ्याबरोबर पुलावर असतो. मी बोलावलं नव्हतं. पहिल्या दिवशी कठड्यावर बसून बिडी ओढत होता. दुसऱ्या महिन्यात त्याने माझी कॅमेऱ्याची पिशवी धरली, ती अजून त्याच्याच खांद्यावर असते. मी वंचक म्हणतो त्याला तो ढोकरी म्हणतो, आणि ती कुठे उतरणार ते माझ्या आधी सांगतो. शेड बंद झाल्यावर त्या सहा घरांनी आणि त्यांच्यामागे सगळ्या गल्लीने त्याला कपडे देणं थांबवलं. तेव्हापासून तो बसस्टँडमागे रस्त्यावर इस्त्री करतो. त्याबद्दल तो माझ्याशी कधी बोलला नाही. मीही विचारलं नाही. मास्तर असूनही प्रश्न न विचारण्याची एवढी एक जागा मी राखून ठेवली आहे.

दुसरं असं, की समितीचा चिटणीस हितेंद्र म्हणून एक उत्साही इंजिनियर आहे. त्याने जुन्या दप्तरातून ती २००८ ची तक्रार शोधून काढली. कानबाईच्या विसर्जनाच्या सोमवारी पुलावर माझ्या फोटोंचं प्रदर्शन आहे. त्याच्या तोंडाशी ती तक्रार मोठी करून लावायची, वर मथळा ‘पहिला आवाज’, असं त्याच्या मनात आहे. आणि ती मी वाचून दाखवायची, कारण माझे उच्चार स्पष्ट आहेत. मी म्हटलं, घसा बसलाय. तो म्हणाला, सर, अजून साडेचार महिने आहेत.

आपला,
प्रेमराज


जळगाव, ४ एप्रिल

प्रेमराजभाऊंस आशीर्वाद.

इथे आत्ताच उन्हात बाहेर पडवत नाही. क्लास सकाळी सातला भरवते.

नथ्थूबद्दल वाचून पत्र खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं. तुमचा स्वभाव मऊ, तुम्ही कोणालाही पिशवी द्याल. पण ती तक्रार लावाच. तुम्हीच वाचा, आणि नथ्थूला पहिल्या रांगेत खुर्ची द्या. स्वतःचं लिहिलेलं स्वतःच्या कानांनी ऐकू दे. तिची एक झेरॉक्स मलाही पाठवा. मी ती यांच्यासमोर ठेवणार आहे. एकदा वाचतील, ओरडतील, मोकळे होतील. मगच कानबाईला येतील.

यांची गंमत सांगते. दोन फोटो मी वर्तमानपत्रात मुद्दाम विसरले. यांनी बराच वेळ धरून ठेवले. मग म्हणाले, “ही ढोकरी का?” मी हो म्हटलं. फोटो कोणी काढले ते विचारलं नाही.

आणि हो, कानबाईच्या रोटांसाठी गहू काढताना घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ टाकतात, तेव्हा तुमच्याकडे यांच्या नावाची मूठ अजून पडते ना? सासूबाई होत्या तोवर पडत होती, त्यांनीच मला सांगितलं होतं. आम्ही इथे तीन मुठी काढतो. एक यांची, एक भूपेंद्रची, आणि तिसरी हे मनातल्या मनात नाव घेऊन टाकतात. मामंजींची असेल. मी विचारलं नाही.

घशाला ज्येष्ठमध घ्या.

ललितावहिनी


धुळे, १८ मे

वहिनी,

दीड महिना तुम्हाला उत्तर दिलं नाही. या काळात चार उत्तरं लिहिली. चारही भाषेच्या दृष्टीने उत्तम होती, म्हणून फाडली. हे पाचवं आहे तसं पाठवतो.

ती तक्रार मी लिहिली.

नथ्थूला लिहिता येत नाही. त्याने कोणाकडून तरी लिहून घेतली असं गल्लीने ठरवलं, आणि मी ते ठरू दिलं.

त्या वर्षीची कानबाई आठवा. विसर्जनानंतर आपल्या घरच्या रीतीप्रमाणे आईने पाटावर नाल्यातली वाळू आणली आणि देव्हाऱ्याखाली पांढऱ्या फडक्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी फडकं जांभळं झालं. मी ते नानाला दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, देवीला रंग आवडतो. मी तेवढं एकदाच बोललो. दुसऱ्यांदा बोलायला हवं होतं, भांडायला हवं होतं, शेडच्या दारात आडवं पडायला हवं होतं. त्याऐवजी मी कोर्टाजवळच्या टायपिस्टकडे गेलो.

नाला मरत होता हे खरं. तक्रारीतला एक शब्दही खोटा नाही. पण ती करताना मनात नाला किती होता आणि शाळेतली स्टाफरूम किती, ते मला आजही सांगता येत नाही. माझ्या सायकलच्या चाकांचे जांभळे पट्टे शाळेच्या पायरीपर्यंत उमटायचे आणि हेडमास्तर म्हणायचे, रंगारी पंडित आले. याहून लाजेची गोष्ट अशी, की लिहिताना मला मजा आली. तीन खरडे केले. ‘विवर्णता’ हा शब्द सुचला तेव्हा टायपिस्टसाठी आणि माझ्यासाठी चहा मागवला. कळविण्यात येते, निदर्शनास आणण्यात येते, अशी सगळी वाक्यं. एवढ्या मोठ्या पत्रात ‘मी’ कुठेच नाही.

मला वाटलं होतं की नानाला समज मिळेल, दंड होईल, तो पाइप बदलेल. सील लागलं त्या दिवशी मी शाळेत होतो. संध्याकाळी घरी आलो आणि तुमच्यासारखंच विचारलं, कोणी केलं असेल?

आता मुठीचं. आई गेल्यावर पहिल्याच कानबाईला रोहिणीने गहू काढताना नानाचं नाव घेतलं. मी म्हणालो, चूल वेगळी तर रोट वेगळे, शास्त्र आहे. असं शास्त्र कुठेही नाही. त्याचं नाव ऐकलं की मला तिथे बसवत नव्हतं, म्हणून मी शास्त्र काढलं. आठ वर्षं झाली, त्याची मूठ पडलेली नाही.

तुम्ही मागितलेली झेरॉक्स सोबत आहे. एक नवा फोटोही आहे. तिसऱ्या खांबावरून अर्धा हात डावीकडे वळलं की पाइप दिसतो; ऊन कुठेही आड येत नाही. पाइपातून आता काही वाहत नाही. तोंडाशी भिंगरीने मातीचं घरटं केलं आहे.

नानाला सांगायचं काम तुमच्यावर टाकत नाही. मीच जळगावला येऊन सांगतो. येऊ का, एवढं कळवा.

प्रेमराज


जळगाव, १२ जुलै

प्रेमराजभाऊ,

उशीर झाला. मुद्दाम केला. तुम्ही सतरा वर्षं घेतलीत, मी दोन महिने घेतले.

तुमचं पत्र क्लासमध्ये मशीनवर बसून वाचलं आणि त्या दिवशी एका मुलीच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. आधी तुमचा राग आला. मग सुगंधाबाईचं दार आठवलं. त्यानंतर राग कोणाचा करावा तेच कळेना. तुम्हाला लिहायला बसले की हात चालत नव्हता.

जूनअखेर मी मोरीत घसरले. पायाला प्लास्टर आहे, दीड महिना अंथरूण. क्लासमधलं माझं सामान आणायला हे स्वतः गेले आणि कटिंगच्या कागदांखालचं सगळं घेऊन आले. फोटो, पत्रं, ती झेरॉक्स. तिथेच बसून वाचलं असणार, कारण दहा मिनिटांच्या कामाला दोन तास लागले. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. हे आत गेले आणि पत्र्याच्या पेटीतून एक कागद काढून आणला. तीच तक्रार. पिवळी पडलेली. सील लागलं त्याच आठवड्यात कचेरीतल्या कारकुनाने यांना प्रत दिली होती.

म्हणाले, “माले तव्हयच ठाऊक व्हतं. वाळूनी गोट लिखेल शे त्यामा. ती वाळू आपला घरमाच येस.”

मी तुमची झेरॉक्स नुसती घडी करून ठेवली होती. तेव्हा उघडून वाचली. खरंच आहे: पूजेची वाळू ठेवलेलं वस्त्र जांभळं होतं, असं लिहिलंय. ते फडकं घरच्या चार माणसांखेरीज कोणी पाहिलं नव्हतं. भाऊ, एवढे तीन खरडे केलेत, आणि निनावी पत्रात आपला देव्हारा लिहून आलात.

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? तर म्हणाले, “मी बोलतू तर त्याले माफी मांगनी पडती, माले ती देनी पडती. दोन्ही भाऊस्ले ते जमतं नही.”

मग मी नथ्थूचं विचारलं. पुन्हा विचारलं. तेव्हा भिंतीकडे बघत सांगितलं, की लोकांनी नथ्थूचं नाव घेतलं तेव्हा यांना बरं वाटलं होतं. भावाचं नाव घ्यावं लागलं नाही. मी शिव्या द्यायचे तेव्हा हे शेजारीच जेवत असायचे. एकदाही थांबवलं नाही.

चार दिवस मी यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी तिसऱ्या मुठीचं विचारलं. ती मामंजींची नव्हती. तुमची होती. सतरा वर्षं.

हे कानबाईच्या रविवारी येतील, भूपेंद्र सोबत असेल. मला हलता येत नाही. यांचं म्हणणं एवढंच आहे, की घरी पाय ठेवायच्या आधी नथ्थूकडे जायचं, आणि दोघा भावांनी जायचं. नथ्थूला माझं काय सांगायचं ते मी यांच्याजवळ दिलंय.

ललितावहिनी


धुळे, ६ ऑगस्ट

ती. वहिनींस सा. न.

नाना कालच परतला, त्याने सांगितलंच असेल. पण तो दोन वाक्यांत सांगतो, आणि त्यातलं एक गाळतो. म्हणून लिहितो.

रविवारी सकाळी मी बसस्टँडवर होतो. नाना उतरला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, चष्मा लागला का तुला. सहा वर्षं झाली म्हटलं. तेवढंच बोलणं झालं. मग आम्ही मागच्या रस्त्याला गेलो. भूपेंद्र लांब थांबला.

नथ्थू इस्त्री करत होता. नानाने चप्पल काढली. तो काय बोलला ते सगळं मला आठवत नाही. मी इस्त्रीकडे बघत होतो. त्याने स्वतःचं सांगितलं, मग तुमचं: सुगंधाबाईच्या दारावरून तुम्ही गेलात ते, शब्द न बदलता. नथ्थूने इस्त्री उभी केली आणि नानाला पाणी दिलं. मग मी बोललो. माझ्यासारख्या बोलक्या माणसाला तीन वाक्यं पुरली.

नथ्थूने ऐकून घेतलं. शेड, सील, गल्ली यातलं त्याने काहीच काढलं नाही. म्हणाला, “मास्तर, दोन वरीस तुमनी पिशवी मना खांदावर व्हती. तव्हय काबरं नही सांगं?”

सतरा वर्षांपूर्वीच्या माणसाला मी तरुण, भित्रा, काहीही म्हणू शकतो. पण दर एक तारखेला पिशवी देणारा तो मीच होतो. त्याने ओरडावं अशी माझी फार इच्छा होती. त्याने इस्त्री उचलली आणि अर्धवट राहिलेला शर्ट पुरा केला.

घरी रोहिणी गहू घेऊन बसलीच होती. माझ्या नावाची मूठ नानाने काढली, त्याच्या नावाची मी. त्याची मूठ अजून माझ्या दीडपट आहे. रोहिणी म्हणाली, अशा मुठीने काढलेत तर रोट पुढच्या कानबाईपर्यंत पुरतील. नाना हसला. आई आठवली.

सोमवारी पुलावर मी ती तक्रार वाचली. उच्चार स्पष्ट होते. वाचून झाल्यावर तिच्याखाली पेनने माझं नाव लिहिलं आणि सांगितलं, की ही मी केली आणि तिचं खापर नथ्थू परिटावर फुटू दिलं. हितेंद्रने शाल आणून ठेवली होती. तिचं काय करावं ते त्याला कळेना. शेवटी त्याने ती स्वतःच्याच खांद्यावर टाकली. शेडमधल्या त्या सहांपैकी तिघं तिथे होते. ते खाली बघत राहिले. पहिल्या रांगेत मी नथ्थूसाठी खुर्ची ठेवायला सांगितली होती, तुम्ही म्हणाला होतात त्यापेक्षा वेगळ्या कारणाने. ती रिकामी राहिली.

विसर्जनाला नाना स्वतः पाण्यात उतरला आणि पाटावर वाळू घेतली. घरी देव्हाऱ्याखाली पांढरं फडकं घातलं. मंगळवारी निघण्याआधी त्याने बोटाने वाळू बाजूला सारून खालचं कापड पाहिलं. पांढरं होतं. पुन्हा वाळू सारखी केली आणि बस चुकेल म्हणाला.

सोबत सोमवारचा फोटो आहे. डावीकडे पाइप आला आहे. पाण्यात नाना आहे. धोतर खोचलेलं आहे म्हणून ओळखू येणार नाही, पण तोच आहे. यावेळी मी तिसऱ्या खांबापासून मागे सरकलो आणि कठडाही चौकटीत घेतला. समितीचा नियम मोडला. कठड्यावर जिथे बिडीच्या टोकांनी दगड काळा झाला आहे, तिथे नथ्थू नाही. तो नाही, हे दिसावं म्हणून फोटो तिथून काढला आहे.

सप्टेंबरच्या एक तारखेला सोमवार आहे. साडेसातला मी पिशवी स्वतःच घेऊन जाईन आणि त्या काळ्या दगडाला सोडून उभा राहीन. ढोकरी कुठे उतरणार ते मला कळणार नाही.

आपला,
प्रेमराज